घरगुती संगणक जाळ्यातील फायरवॉल

घरगुती संगणक जाळ्यातील फायरवॉल ही घरातील संगणक, मोबाइल, दूरचित्रवाणी संच, कॅमेरे इत्यादी उपकरणे आणि इंटरनेट यांच्यामधील रहदारी ठरावीक नियमांनुसार तपासून ती पुढे जाऊ देणारी किंवा अडवणारी यंत्रणा होय. ती दोन ठिकाणी असू शकते. एक, जाळ्याच्या वेशीवर, म्हणजे राउटरमध्ये किंवा त्याच कामासाठी बसवलेल्या स्वतंत्र उपकरणात; दुसरे, प्रत्येक संगणकाच्या संचालन प्रणालीत. पहिलीला प्रचलित भाषेत हार्डवेअर फायरवॉल आणि दुसरीला सॉफ्टवेअर फायरवॉल म्हणतात.

दोन्ही एकच काम करतात असा सर्वसाधारण समज असला, तरी दोहोंना दिसणारी माहिती वेगळी असते. वेशीवरच्या फायरवॉलला कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे माहिती जात आहे हे दिसते, परंतु ती कोणत्या प्रोग्रामने पाठवली हे कळत नाही. संगणकातील फायरवॉलला प्रोग्राम ओळखता येतो, परंतु स्वतःच्या संगणकापलीकडे काय चालले आहे याचा तिला पत्ता नसतो. त्यामुळे एक असली म्हणजे दुसरी अनावश्यक ठरत नाही.

संज्ञा

‘फायरवॉल’ हा शब्द मूळचा बांधकामातील आहे. लागून असलेल्या दोन इमारतींपैकी एकीस लागलेली आग दुसरीत पसरू नये म्हणून मध्ये बांधलेल्या न जळणाऱ्या भिंतीला इंग्रजीत हे नाव आहे. मोटारीत इंजिन आणि प्रवासी यांच्यामधील आडपडद्यालाही तेच म्हणतात. मराठीत ‘अग्निभिंत’ असा प्रतिशब्द क्वचित आढळतो, पण व्यवहारात मूळ शब्दच रूढ आहे. संगणकाच्या संदर्भात हे रूपक काहीसे अपुरे पडते. भिंत सर्वांनाच अडवते; फायरवॉलला मात्र बहुतेक रहदारी विनाविलंब जाऊ द्यावी लागते आणि थोडीच अडवावी लागते. या दृष्टीने ती भिंतीपेक्षा जकात नाक्याच्या अधिक जवळची आहे.

‘हार्डवेअर फायरवॉल’ ही संज्ञाही काटेकोर नाही. घरगुती राउटरमध्ये एक लहान प्रोसेसर, थोडी स्मृती आणि बहुधा लिनक्सवर आधारित संचालन प्रणाली असते. पॅकेट तपासण्याचे काम त्या प्रणालीतील सॉफ्टवेअरच करते. म्हणजे दोन्ही प्रकार अंतिमतः सॉफ्टवेअरच आहेत. खरा भेद ते सॉफ्टवेअर कोणत्या जागी आणि कोणाच्या ताब्यातील यंत्रावर चालते, हा आहे. या कारणाने तांत्रिक लेखनात ‘जाळ्यावरील फायरवॉल’ आणि ‘यजमान संगणकावरील फायरवॉल’ अशी नावे पसंत केली जातात.

इतिहास

२ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘मॉरिस वर्म’ या नावाने पुढे ओळखला गेलेला, आपोआप पसरणारा प्रोग्राम इंटरनेटवर सोडण्यात आला. त्याने त्या वेळच्या अंदाजे ६,००० संगणकांना ग्रासले असे मानले जाते. तोवर विद्यापीठे व संशोधन संस्था परस्परांवरील विश्वासावर जोडलेल्या होत्या. त्या विश्वासाला या घटनेने तडा गेला. १९८९ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील जेफ्री मोगल यांनी युनिक्स गेटवेवर पॅकेट चाळण्याची पद्धत मांडली. १९९० मध्ये एटी अँड टी बेल प्रयोगशाळेतील विल्यम चेसविक यांनी आपल्या संस्थेच्या सुरक्षित गेटवेच्या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. चेसविक व स्टीव्हन बेलोविन यांचा या विषयावरील ग्रंथ १९९४ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने ‘फायरवॉल-१’ हे उत्पादन बाजारात आणले आणि चालू जोडण्यांची नोंद ठेवून निर्णय घेण्याची पद्धत व्यापारी उत्पादनांत रूढ झाली.

या सर्व यंत्रणा संस्थांसाठी होत्या. घरगुती संगणक तेव्हा फोनच्या तारेवरून तेवढ्यापुरता जोडला जाई आणि काम संपताच जोडणी तोडली जाई. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका व युरोपात ब्रॉडबँड पसरू लागले आणि संगणक चोवीस तास जोडलेला राहू लागला. बहुतेक घरांत एकच संगणक थेट मोडेमला जोडलेला असे आणि इंटरनेटवरील कोणालाही त्याच्याशी संपर्क साधता येई. या काळात ब्लॅकआइस डिफेंडर, झोनअलार्म यांसारखी ‘वैयक्तिक फायरवॉल’ सॉफ्टवेअरे लोकप्रिय झाली.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत मायक्रोसॉफ्टने एक साधी फायरवॉल दिली होती. परंतु ती आपोआप सुरू होत नसे आणि ती आहे हेच पुष्कळांना ठाऊक नव्हते. याची किंमत ऑगस्ट २००३ मध्ये दिसून आली. विंडोजच्या १३५ क्रमांकाच्या पोर्टवर उत्तर देणाऱ्या सेवेतील दोष वापरून ‘ब्लास्टर’ हा प्रोग्राम पसरला. वापरकर्त्याने काहीही उघडण्याची वा दाबण्याची त्यासाठी गरज नव्हती. संगणक जोडलेला असणे पुरेसे होते. दोषाची दुरुस्ती १६ जुलै रोजीच उपलब्ध झाली होती, पण ती उतरवून घेण्यासाठी जोडलेला संगणक दुरुस्ती पूर्ण होण्याआधीच बाधित होण्याचे प्रकार घडले. एप्रिल २००४ च्या अखेरीस ‘सॅसर’ने पोर्ट ४४५ वरून त्याच प्रकारची पुनरावृत्ती केली. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजची फायरवॉल मुळातच चालू स्थितीत येऊ लागली. घरगुती सुरक्षेच्या इतिहासात कोणत्याही नव्या शोधापेक्षा या एका बदललेल्या खटक्याचे महत्त्व अधिक मानावे लागेल.

राउटरच्या बाजूला लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा उल्लेख आवश्यक आहे. तो लिनक्सवर चालत असल्याचे उघड झाल्यावर, परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये त्याची मूळ संहिता खुली करण्यात आली आणि त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यामुळे स्वस्त घरगुती राउटरवरही संस्थांच्या तोडीचे नियम लिहिणे शक्य झाले. पीएफसेन्स (२००४) आणि त्यापासून २०१५ मध्ये वेगळे झालेले ओपीएनसेन्स ही जुन्या संगणकाचेच फायरवॉल उपकरणात रूपांतर करणारी मुक्त सॉफ्टवेअरे आहेत.

कार्यपद्धती

इंटरनेटवरील माहिती पॅकेट नावाच्या तुकड्यांत प्रवास करते. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. टीसीपी किंवा यूडीपी या पद्धतीने जाणाऱ्या पॅकेटवर दोन्ही टोकांचे पोर्ट क्रमांकही असतात. पोर्ट क्रमांक ० ते ६५,५३५ या मर्यादेत असून एकाच संगणकावरील निरनिराळ्या सेवा त्यांवरून ओळखल्या जातात, उदा. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३.

सर्वांत साधी फायरवॉल प्रत्येक पॅकेट सुटे सुटे पाहते. तिची अडचण अशी की घरातून मागवलेल्या पानाचे उत्तर आणि बाहेरून आलेले आगंतुक पॅकेट यांत तिला फरक करता येत नाही. म्हणून आजच्या जवळपास सर्व फायरवॉल चालू जोडण्यांची एक तक्ता-नोंद ठेवतात. घरातील संगणकाने बाहेर जोडणी सुरू केली की तिच्या दोन्ही टोकांचे पत्ते व पोर्ट नोंदले जातात. बाहेरून आलेले पॅकेट या नोंदीशी जुळले तर आत येते, अन्यथा टाकून दिले जाते. जोडणी संपल्यावर किंवा बराच काळ शांत राहिल्यावर नोंद पुसली जाते. लिनक्सच्या मूळ मांडणीत स्थापित टीसीपी जोडणीसाठी ही मुदत ५ दिवस असते. अनेक राउटर उत्पादक मात्र स्मृती वाचवण्यासाठी ती बरीच कमी करतात. खूप वेळ निष्क्रिय ठेवलेली दूरस्थ जोडणी विनाकारण तुटल्यासारखी वाटते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

घरगुती फायरवॉलचा मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो: आतून सुरू झालेले सर्व जाऊ द्यावे, बाहेरून सुरू झालेले काहीही येऊ देऊ नये. हा नियम सोयीचा आहे, आणि त्याच्या मर्यादाही याच सोयीतून उद्भवतात.

पत्त्यांचे भाषांतर आणि फायरवॉल

घरातील राउटर सर्व उपकरणांना मिळून इंटरनेटवरील एकच सार्वजनिक पत्ता वापरतो. आतील उपकरणांना १९२.१६८ किंवा १० यांनी सुरू होणारे खासगी पत्ते दिलेले असतात आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवरील पत्ता राउटर बदलतो. या तंत्रास नॅट म्हणतात. त्याचे वर्णन मे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १६३१ या दस्तऐवजात आहे. खासगी पत्त्यांचे आजचे गट फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने ठरवले.

नॅटचा हेतू पत्त्यांची टंचाई भागवणे हा होता, सुरक्षा हा नव्हता. बाहेरून आलेले अनपेक्षित पॅकेट आतल्या कोणत्या उपकरणास द्यायचे हे राउटरला ठाऊक नसते, म्हणून ते टाकले जाते. परिणाम फायरवॉलसारखाच दिसतो. राउटरच्या खोक्यावर ‘नॅट फायरवॉल’ असे छापण्याची प्रथा यातूनच पडली. परंतु एकीकडे जाणीवपूर्वक नाकारणे आहे आणि दुसरीकडे केवळ पत्ता न सापडणे.

हा फरक पुस्तकी नाही. पुष्कळ राउटरांत यूपीएनपी ही सोय असते. खेळाचा संच किंवा कॅमेरा तिच्याद्वारे, मालकाला न विचारता, ‘अमुक पोर्टवर बाहेरून येणारी रहदारी माझ्याकडे पाठव’ असे राउटरला सांगू शकतो. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीने इंटरनेटची पाहणी केली, तेव्हा घराबाहेरून आलेल्या यूपीएनपी विचारणेस उत्तर देणारे ८ कोटींहून अधिक पत्ते आढळले. जी सोय फक्त आतल्यांसाठी होती, ती बाहेरच्यांनाही खुली होती. ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस सॅमी कामकार यांनी दाखवलेल्या ‘नॅट स्लिपस्ट्रीमिंग’ या तंत्रात घातक संकेतस्थळास केवळ भेट दिल्याने राउटरची फसगत होई. ब्राउझरने पाठवलेली माहिती इंटरनेटवरील फोन-कॉलची विनंती आहे असे समजून तो त्या संगणकाकडे जाणारे पोर्ट उघडून देई. ब्राउझर निर्मात्यांनी ५०६० व ५०६१ या पोर्टांकडे जाणे बंद करून त्यास पायबंद घातला.

संगणकातील फायरवॉल

विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्ही संचालन प्रणालींत फायरवॉल अंगभूत असते. मात्र तिची मूळ स्थिती सारखी नसते. विंडोजमध्ये ती चालू असते, आत येणाऱ्या अनपेक्षित जोडण्या नाकारते आणि बाहेर जाणाऱ्यांना मुभा देते. मॅकओएसमध्ये २००७ पासून प्रोग्रामनिहाय फायरवॉल आहे, पण ती फक्त आत येणाऱ्या जोडण्या पाहते. लिनक्सच्या गाभ्यात नेटफिल्टर ही चौकट जानेवारी २००१ मधील २.४ आवृत्तीपासून आहे. उबुंटूत तिचे नियम लिहिण्यासाठी ‘यूएफडब्ल्यू’ हे साधन मिळते, परंतु ते वापरकर्त्याने सुरू करावे लागते.

या फायरवॉलचे बळ प्रोग्राम ओळखण्यात आहे. आजची बहुतेक रहदारी पोर्ट ४४३ वरून, कूटबद्ध स्वरूपात जाते. राउटरला बँकेचे पान उघडणारा ब्राउझर आणि कळफलकावरील अक्षरे चोरून पाठवणारा प्रोग्राम या दोहोंची जोडणी जवळपास सारखीच दिसते. संगणकातील फायरवॉल मात्र ‘हा प्रोग्राम पूर्वी कधी बाहेर बोलला नव्हता’ एवढे नक्कीच सांगू शकते. झोनअलार्मची लोकप्रियता या एका वैशिष्ट्यावर उभी होती. मॅकओएससाठी ऑस्ट्रियातील ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंट या कंपनीचे ‘लिटल स्निच’ हेच काम करते. पुण्यात मुख्यालय असलेल्या क्विक हील टेक्नॉलॉजीजच्या घरगुती सुरक्षा संचांतही फायरवॉल असते.

दुबळेपणही याच जागी आहे. पहारेकरी आणि चोर एकाच घरात राहतात. प्रशासकाचे अधिकार मिळवलेला घातक प्रोग्राम फायरवॉल बंद करू शकतो, स्वतःसाठी अपवाद नोंदवू शकतो किंवा परवानगी असलेल्या ब्राउझरच्या आड राहून माहिती पाठवू शकतो. शिवाय दर थोड्या वेळाने ‘अमुक प्रोग्रामला परवानगी द्यावी काय?’ असे विचारले गेले, की माणूस न वाचता ‘होय’ दाबू लागतो.

संचालन प्रणालीच्या निर्मात्याचा निर्णयही फायरवॉलवर बंधनकारक ठरतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या मॅकओएस बिग सर या आवृत्तीत ॲपलच्या स्वतःच्या अनेक प्रोग्रामांची रहदारी इतर कंपन्यांच्या फायरवॉलना दिसूच नये अशी व्यवस्था होती. संशोधकांच्या टीकेनंतर २०२१ च्या आरंभी ११.२ या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. राउटरमधील फायरवॉलला ही रहदारी पूर्वीही दिसतच होती.

दोहोंतील फरक

सर्वांत ठळक फरक व्याप्तीचा आहे. राउटरमधील फायरवॉल घरातील प्रत्येक उपकरणाला लागू होते. त्यात असे कित्येक असतात की ज्यांवर फायरवॉल बसवण्याची सोयच नाही. दिवा, कॅमेरा, मुद्रकयंत्र, दूरचित्रवाणी संच ही या वर्गातील उपकरणे होत. २०१६ मधील ‘मिराई’ने याच वर्गाला लक्ष्य केले. इंटरनेटवरून थेट पोहोचता येणारे कॅमेरे, चित्रमुद्रक आणि राउटर शोधून हा प्रोग्राम त्यांवर कारखान्यातच घातलेल्या साठेक पासवर्डांची यादी एकामागून एक वापरून पाहत असे. अशा उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीच्या नामसेवेवर हल्ला केला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारखी संकेतस्थळे अनेकांसाठी काही तास बंद पडली. कॅमेऱ्याच्या मालकांना मात्र आपल्या घरात काही बिघडले आहे याची जाणीवही नव्हती.

याउलट, घरातल्या घरात एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जाणारी रहदारी राउटरमधील फायरवॉलपर्यंत बहुधा पोहोचतच नाही. एकाच वाय-फायवरील दोन संगणकांमधील पॅकेट राउटरच्या आतील स्विच परस्पर पोहोचवतो. वेशीचे नियम त्यांना लागू होत नाहीत. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने एकदा आत शिरल्यावर पोर्ट ४४५ वरून शेजारच्या संगणकांत उडी मारली, ती या मोकळ्या जागेतून. अशा प्रसंगी उपयोगी पडते ती प्रत्येक संगणकावरील फायरवॉल. विंडोजमध्ये जोडलेले जाळे ‘सार्वजनिक’ की ‘खासगी’ हे विचारले जाते, ते याच कारणाने: खासगी म्हटल्यास फाइली वाटून घेण्याच्या सोयीसाठी काही पोर्ट शेजाऱ्यांना खुले होतात.

तिसरा फरक घर सोडल्यावर जाणवतो. राउटर भिंतीवरच राहतो आणि लॅपटॉप पिशवीतून वसतिगृहात, ग्रंथालयात किंवा रेल्वे स्थानकात जातो. मुंबई सेंट्रल हे रेलटेल व गुगल यांच्या मोफत वाय-फाय योजनेतील पहिले स्थानक जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाले. अशा ठिकाणी शेकडो अनोळखी उपकरणे एकाच जाळ्यावर असतात आणि तेथे लॅपटॉपजवळ फक्त स्वतःची फायरवॉल उरते.

खर्चाच्या दृष्टीने पाहता दोन्ही प्रकार बहुतेक घरांत आधीच असतात. स्वतंत्र फायरवॉल उपकरण विकत घेण्याचे प्रयोजन घरातून कार्यालय चालवणारे, घरात सर्व्हर ठेवणारे किंवा जाळ्याचे अनेक विभाग करू इच्छिणारे यांच्यापुरते आहे. साध्या घरात त्या पैशांत नियमित सुधारणा मिळणारा चांगला राउटर घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

फायरवॉलच लक्ष्य झाल्यास

फायरवॉल हाही प्रोग्राम असल्यामुळे त्यात दोष असू शकतात. मार्च २००४ मध्ये ‘विटी’ हा प्रोग्राम ब्लॅकआइससह इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स या कंपनीच्या सुरक्षा उत्पादनांतील दोषातून पसरला. त्याने सुमारे १२,००० संगणक बाधित केले आणि त्यांच्या चकतीवर कोठेही निरर्थक माहिती लिहून त्या हळूहळू निकामी केल्या. ज्यांनी संरक्षण बसवले होते नेमके तेच त्याचे बळी ठरले.

राउटरची स्थिती याहून निराळी नाही. २३ मे २०१८ रोजी सिस्कोच्या टॅलोस या विभागाने ‘व्हीपीएनफिल्टर’ची माहिती जाहीर केली. किमान ५४ देशांतील ५,००,००० हून अधिक उपकरणे त्याने ग्रासली होती. त्यांत लिंकसिस, नेटगिअर, टीपी-लिंक व मायक्रोटिक यांचे घरगुती व लहान कार्यालयांचे राउटर होते. अमेरिकेच्या एफबीआयने लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचे आवाहन केले. विंडोज संगणक सुधारणा आपणहून उतरवून घेतो. कोपऱ्यात धूळ खात असलेल्या राउटरच्या बाबतीत तसे होईलच असे नाही, आणि उत्पादकाने आधार थांबवला तरी तो चालतच राहतो.

आयपीव्ही६ मुळे झालेला बदल

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा असतो आणि घरातील प्रत्येक उपकरणाला इंटरनेटवर ओळखला जाणारा स्वतःचा पत्ता मिळतो. नॅटची गरज उरत नाही. त्यासोबत नॅटमुळे आपोआप मिळणारा आडोसाही जातो. एका घराला मिळणाऱ्या सर्वांत लहान प्रचलित पत्तागटातही सुमारे १८ वर १८ शून्ये इतके पत्ते असल्यामुळे ते एकेक करून चाचपणे शक्य नाही. पण उपकरण ज्या सर्व्हरशी बोलते त्याला पत्ता कळतोच.

म्हणून आयपीव्ही६ मध्ये राउटरला खरीखुरी फायरवॉल असणे महत्त्वाचे ठरते. जानेवारी २०११ मधील आरएफसी ६०९२ ने घरगुती राउटरांसाठी अशा साध्या संरक्षणाच्या शिफारशी केल्या आहेत. प्रत्यक्षात काही राउटरांत आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ यांचे नियम वेगवेगळ्या पानांवर असतात. एक बंद असताना दुसरे उघडे राहू शकते.

भारतातील स्थिती

हा विषय भारतात विशेष लागू होतो, कारण २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर येथे आयपीव्ही६ चा वापर झपाट्याने वाढला आणि आज भारत या बाबतीत जगातील अग्रेसर देशांत आहे. दुसरीकडे, आयपीव्ही४ च्या टंचाईमुळे अनेक सेवादाते शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या इंटरनेटकडील बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर जोडणी अशा सामाईक नॅटमागे आहे असे समजावे. तेथे आयपीव्ही४ वरून आगंतुक जोडणी पोहोचणे अवघड असते, पण हा आडोसा ग्राहकाच्या हाती नसतो, आणि त्याच तारेवरून येणाऱ्या आयपीव्ही६ ला तो लागूही होत नाही.

बहुसंख्य घरांत फायबरचे टोक, राउटर, वाय-फाय आणि फायरवॉल हे सर्व सेवादात्याने दिलेल्या एकाच डब्यात असते. जोडणीला आलेला तंत्रज्ञ वाय-फायचा पासवर्ड ठरवून देतो. राउटरच्या व्यवस्थापन पानाचा पासवर्ड मात्र पुष्कळदा कारखान्यातला तसाच राहतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएल व एमटीएनएलच्या ग्राहकांकडील हजारो मोडेम ‘ब्रिकरबॉट’ या प्रोग्रामने निकामी केले, ते प्रामुख्याने असे मूळ पासवर्ड वापरून. त्यानंतर बीएसएनएलने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले. याच वर्षी, २१ फेब्रुवारी २०१७ रोजी, भारत सरकारने सर्ट-इनच्या अखत्यारीत ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले होते. बाधित उपकरणांची माहिती सेवादात्यांमार्फत पोहोचवणे आणि ती साफ करण्याची साधने विनामूल्य देणे हे त्याचे काम आहे.

आवाक्याबाहेरचे धोके

आतून सुरू झालेली जोडणी विश्वासार्ह, हे गृहीतक मोडले की दोन्ही प्रकारच्या फायरवॉल निष्प्रभ होतात. बँकेतून बोलत असल्याचे भासवून दूरस्थ ताबा देणारे उपयोजन उतरवून घ्यायला लावणे ही भारतातील प्रचलित फसवणूक आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’च्या अशा गैरवापराबाबत बँकांना सावध केले होते. हे उपयोजन घरातून बाहेर जोडणी करते. राउटर ती नेहमीची जोडणी म्हणून सोडतो, आणि संगणकातील फायरवॉलने विचारलेच तर फोनवरील व्यक्तीच्या सांगण्यावरून वापरकर्ता स्वतः परवानगी देतो. बनावट संकेतस्थळावर भरलेला पासवर्ड किंवा ईमेलसोबत आलेली घातक फाइल यांनाही हेच लागू पडते.

मांडणी व देखभाल

घरगुती वापरासाठी दोन्ही फायरवॉल चालू ठेवणे ही सर्वमान्य शिफारस आहे; त्या एकमेकींच्या कामात अडथळा आणत नाहीत. एकाच संगणकावर दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअर फायरवॉल एकाच वेळी चालवणे मात्र टाळावे, कारण त्यांचे नियम एकमेकांना छेद देतात आणि बिघाड कोणामुळे हे शोधणे कठीण होते.

राउटरच्या व्यवस्थापन पानाचा मूळ पासवर्ड बदलणे, त्या पानावर इंटरनेटवरून पोहोचण्याची सोय बंद ठेवणे आणि फर्मवेअर अद्ययावत ठेवणे यांना प्राधान्य द्यावे. यूपीएनपीची गरज नसल्यास तेही बंद करावे. ते बंद केल्यावर काही खेळ किंवा कॅमेऱ्याचे उपयोजन चालेनासे झाले, तर त्याला लागणारे तेवढेच पोर्ट हाताने उघडता येते. आयपीव्ही६ ची फायरवॉल स्वतंत्र पानावर असल्यास तीही तपासावी. कॅमेरे व तत्सम उपकरणे पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर ठेवल्यास, बहुतेक राउटरांत ती घरच्या संगणकांपासून वेगळी पडतात. संगणकावर अनोळखी ठिकाणचे जाळे ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदवावे. पूर्वी कधी तरी एखाद्या प्रोग्रामला दिलेल्या परवानग्या प्रोग्राम काढून टाकल्यावरही यादीत राहू शकतात. त्या अधूनमधून पाहून नको असलेल्या काढाव्यात.

सेवादात्याच्या डब्यामागे स्वतःचा राउटर जोडल्यास पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. संकेतस्थळे पाहण्यात त्याने अडचण येत नाही, परंतु घरातील एखाद्या सेवेस बाहेरून पोहोचायचे असल्यास दोन्ही ठिकाणी नियम लिहावे लागतात. सेवादात्याने परवानगी दिल्यास त्याचा डबा ‘ब्रिज’ अवस्थेत ठेवता येतो. मग फायरवॉलचे संपूर्ण काम स्वतःच्या राउटरकडे येते आणि त्याच्या अद्ययावतीकरणाची जबाबदारीही.